युरोप पारखून घेणारा वाचक

४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर दिल्लीत संविधान सभेपुढे राज्यघटनेचा मसुदा मांडायला उभे राहिले. राज्यकारभाराचा बारीकसारीक तपशील मसुद्यात फार भरला आहे, असा एक आक्षेप होता. त्याला उत्तर देताना त्यांनी जॉर्ज ग्रोट या इंग्रज इतिहासकाराचे म्हणणे सभेपुढे ठेवले. ग्रोट लंडनमधला बँकर. बेंथम आणि जेम्स मिल यांच्या वर्तुळात त्याची मते घडली. काही वर्षे तो पार्लमेंटात होता आणि १८४६ ते १८५६ या काळात त्याने ग्रीसचा इतिहास बारा खंडांत लिहून प्रसिद्ध केला. अथेन्सची लोकशाही कशावर टिकली, याचा शोध घेताना तो एका निष्कर्षाला आला. राज्यघटनेबद्दलचा आदर सत्ताधाऱ्यांपुरता असून भागत नाही, तो साऱ्या नागरिकांत मुरावा लागतो. सत्तेवर बसलेल्यांवर कडक टीका करावी, पण घटनेची चौकट आपल्याइतकीच विरोधकालाही मोलाची वाटते हा विश्वास सुटू नये. या वृत्तीला त्याने संवैधानिक नीती म्हटले.

बाबासाहेबांनी हा विचार घेतला आणि तिथल्या तिथे भारताच्या जमिनीवर आणून तपासला. ही वृत्ती माणसात उपजत नसते, ती जोपासावी लागते आणि भारतीय समाजाने ती अजून शिकलेली नाही. कारभाराचे रूप बदलून घटनेचा एक शब्दही न बदलता तिचा आत्मा मारता येतो. म्हणून तपशील घटनेतच लिहिलेला बरा, असे त्यांचे उत्तर होते. अडीच हजार वर्षांपूर्वीचे अथेन्स आणि एकोणिसाव्या शतकातले लंडन, दोन्ही एका भारतीय प्रश्नाच्या उत्तरासाठी कामाला लागली होती.

त्या दिवशी बीड जिल्ह्यातले उमापूर स्वतंत्र भारतात येऊन दोन महिनेही झाले नव्हते. गेवराई तालुक्यातले हे गाव आणि सारा मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संविधान सभेत हैदराबादचा प्रतिनिधी नव्हता. उमापूरच्या माणसाचे पुढचे आयुष्य ज्या घटनेने बांधले जाणार होते, तिच्यावर बोलायला त्याच्या बाजूचे कोणी सभागृहात बसलेले नव्हते. अशा माणसासाठी ग्रोट कशाला वाचायचा, हा प्रश्न रास्त आहे. बाबासाहेबांच्या वाचनाची सारी दिशाच या प्रश्नाच्या उत्तरात सापडते. युरोपचा विचार त्यांनी प्रतिष्ठेसाठी वाचला नाही आणि पूजेसाठीही वाचला नाही. प्रत्येक विचारवंताला त्यांनी एकच प्रश्न विचारला: जातीने तोडलेल्या समाजात तुमचा विचार टिकतो का?

आधीचे मराठी वाचक

युरोपचे राजकीय विचार महाराष्ट्रात त्यांच्या आधी आले होते. जोतीराव फुले यांनी तरुणपणीच टॉमस पेनचे मानवी हक्कांवरचे पुस्तक वाचले. १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, तेव्हा ती त्यांनी गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. गोपाळ गणेश आगरकरांनी मिल आणि स्पेन्सर यांच्या विचारांच्या बळावर ‘सुधारक’मधून रूढींशी झुंज दिली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी मराठ्यांच्या सत्तेच्या उदयाचा इतिहास लिहिताना महाराष्ट्रातल्या संतांच्या चळवळीची तुलना युरोपातल्या धर्मसुधारणेशी केली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांपासून लोकमान्य टिळकांपर्यंत, सुधारणेला विरोध करणारेही युरोपीय ग्रंथ वाचूनच वाद घालत होते.

ही सारी मंडळी युरोपला पुस्तकांतून भेटली. बाबासाहेब त्या विचारांच्या वर्गात जाऊन बसले.

न्यूयॉर्कचा वर्ग

एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी घेतल्यावर १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथे त्यांनी घेतलेल्या विषयांची नोंद उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानवशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन. बाबासाहेबांना अर्थतज्ज्ञ किंवा कायदेपंडित म्हणून ओळखणाऱ्यांच्या नजरेतून इतिहासाचे हे ११ अभ्यासक्रम निसटतात.

कोलंबियात तेव्हा इतिहास शिकवण्याची रीतच बदलत होती. जेम्स हार्वे रॉबिन्सन हे तिथले इतिहासाचे प्राध्यापक. राजांच्या वंशावळी आणि लढायांच्या तारखा म्हणजे इतिहास, ही समजूत त्यांना मान्य नव्हती. माणसे काय मानत होती, का मानत होती आणि ते मानणे कसे बदलत गेले, हाही इतिहास आहे, असे ते सांगत. १९१२ साली आलेल्या त्यांच्या ‘द न्यू हिस्टरी’ या पुस्तकाने अमेरिकेतल्या इतिहासलेखनाला वेगळे वळण दिले. युरोपातल्या विचारांचा इतिहास हा विद्यापीठात शिकवायचा स्वतंत्र विषय होऊ शकतो, हे दाखवून देणाऱ्यांत त्यांचे नाव आघाडीवर आहे. पुढे १९३० साली बाबासाहेबांनी कोलंबियातल्या आपल्या थोर शिक्षकांचा कृतज्ञतेने उल्लेख केला. त्यात तत्त्वज्ञ जॉन ड्यूई, अर्थतज्ज्ञ एडविन सेलिग्मन आणि इतिहासकार जेम्स शॉटवेल यांच्याबरोबर रॉबिन्सनही होते.

या शिकवणीचा परिणाम लवकरच दिसला. ९ मे १९१६ रोजी, नुकतीच पंचविशी ओलांडलेल्या आंबेडकरांनी मानवशास्त्रज्ञ अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातल्या जातींवर निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला. फ्रान्सचा सेनार, इंग्रज अधिकारी नेसफील्ड आणि रिस्ले यांच्या व्याख्या त्यांनी एकेक करून तपासल्या आणि अपुऱ्या ठरवल्या. त्याच रांगेत श्रीधर व्यंकटेश केतकरांची व्याख्याही होती. पुढे मराठी ज्ञानकोश उभारणाऱ्या केतकरांनी १९०९ साली जातीच्या इतिहासावर इंग्रजी ग्रंथ लिहिला होता. आंबेडकरांच्या मते जातीचे मर्म जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या बंधनात आहे. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही प्रथा हे बंधन टिकवण्यासाठी उभ्या राहिल्या.

एका वर्गाने घालून घेतलेले हे बंधन साऱ्या समाजात कसे पसरले? इथे त्यांनी गाब्रिएल तार्द या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचा अनुकरणाचा सिद्धांत वापरला. वरच्यांचे अनुकरण खालचे करतात आणि जो वरच्याच्या जितका जवळ तितके त्याचे अनुकरण दाट. जातीच्या उतरंडीत ब्राह्मणांच्या जवळच्या जातींत या प्रथा कडक आणि दूरच्या जातींत सैल का, याचा उलगडा त्यामुळे झाला. तार्दने जातीचा प्रश्न मनात धरून हा सिद्धांत मांडलेला नव्हता. तो या प्रश्नाला लावला न्यूयॉर्कमध्ये शिकणाऱ्या एका मराठी विद्यार्थ्याने.

रसेलशी वाद

१९१६ साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन येथे दाखल झाले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये परतावे लागले. पहिले महायुद्ध सुरू होते. वेगळ्या बोटीने पाठवलेले त्यांचे सामान, त्यातल्या पुस्तकांसह, पाणबुडीच्या हल्ल्यात समुद्रात गेले. बडोद्यात नोकरीवर रुजू झाले, तर अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना. अशा अस्थिर दिवसांत, १९१८ साली, त्यांनी बर्ट्रंड रसेलच्या समाजाच्या पुनर्रचनेवरील पुस्तकाचे परीक्षण ‘जर्नल ऑफ द इंडियन इकॉनॉमिक सोसायटी’त लिहिले.

रसेलचे पुस्तक युद्धविरोधी होते, संपत्तीच्या हव्यासावर टीका करणारे होते. भारतीय वाचक त्यातून काय उचलेल, याची आंबेडकरांना काळजी वाटली. जग मिथ्या आहे, हव्यास वाईट, स्वस्थ राहावे, ही शिकवण इथे आधीच खोल रुजलेली. रसेलच्या नावाने तिला आणखी बळ मिळेल. म्हणून त्यांनी बजावले, की युद्धाला विरोध म्हणजे निष्क्रियता नव्हे. वाढीसाठी कृती लागते आणि कृतीसाठी शक्ती लागते. ड्यूईच्या आधाराने त्यांनी विधायक शक्ती आणि हिंसा यांत फरक केला. संपत्तीच्या निषेधाबद्दलही ते रसेलशी सहमत झाले नाहीत. ज्या काळात बहुतेकांच्या वाट्याला अभावच होता, त्या काळात संपत्तीला तुच्छ मानणारी नीती जन्मली. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याला तोच उपदेश करणे त्यांना अन्यायाचे वाटले. युरोपातल्या विद्वानाचे वाक्य भारतात पोचले की त्याचा अर्थ आणि परिणाम बदलू शकतो, ही जाणीव इतक्या स्पष्टपणे मांडणारे लेखन त्या काळात विरळा.

व्हर्साय ते महाड

१९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ पर्यंत तिथली पदवी, डॉक्टरेट आणि बॅरिस्टरी पूर्ण करून आले. मधले काही दिवस जर्मनीत बॉनलाही काढले. परत आल्यावर या वाचनाचा श्रोता बदलला. आता ते बोलत होते मुंबईच्या चाळींतल्या कामगारांशी आणि कोकणातल्या शेतमजुरांशी. आधी ‘मूकनायक’ पाक्षिकाच्या शिरोभागी तुकोबांचे आणि आता ‘बहिष्कृत भारत’ पाक्षिकाच्या शिरोभागी ज्ञानदेवांचे वचन छापणारा हा संपादक आतल्या मजकुरात जगाचा इतिहास मराठीत सांगत होता.

त्याचे सर्वांत ठळक उदाहरण महाडचे. २५ डिसेंबर १९२७ रोजी तिथल्या सत्याग्रह परिषदेत अध्यक्षपदावरून बोलताना त्यांनी श्रोत्यांना १७८९ सालच्या फ्रान्समध्ये नेले. सोळाव्या लुईने बोलावलेली प्रतिनिधींची सभा, व्हर्सायला जमलेले सरदार, धर्मगुरू आणि सामान्य लोक, आणि त्या सभेने फ्रेंच समाजाला दिलेली नवी घडी, हे सारे त्यांनी समजावून सांगितले. आपली परिषद त्याच जातीची आहे, तिला केवळ चवदार तळ्याचे पाणी नको, समतेची पायाभरणी हवी, असे त्यांनी बजावले. परिषदेने माणसाच्या जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला आणि त्याच दिवशी मनुस्मृतीचे दहन झाले. अंगठा उठवणाऱ्या, वेशीबाहेर राहणाऱ्या माणसांना फ्रेंच राज्यक्रांती समजेल आणि ती आपली वाटेल, यावर या वक्त्याचा पूर्ण विश्वास होता.

लासाल, ल्यूथर, प्लेटो

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना परिषदेचे अध्यक्षपद दिले आणि भाषणाचा मसुदा पाहून परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. जातिसंस्थेच्या उच्छेदावरच्या या पुस्तकात युरोपचा वैचारिक इतिहास पानोपानी कामाला लावलेला दिसतो.

फर्डिनांड लासाल या जर्मन समाजवाद्याने १८६२ साली प्रशियातल्या श्रोत्यांना सांगितले होते, की घटनेचे प्रश्न मुळात सत्तेचे प्रश्न असतात. देशात जी खरी बळे आहेत त्यांचे प्रतिबिंब नसलेली घटना कागदावरच राहते. बाबासाहेबांनी हा विचार पुढे नेला. भारतात हे बळ जातीचे आहे. समाजाची रचना डोळ्यांआड करून राजकीय घटना आखता येणार नाही.

आधी राजकीय स्वातंत्र्य, मग सामाजिक सुधारणा, हा युक्तिवाद खोडताना त्यांनी मार्टिन ल्यूथरचा दाखला दिला. युरोपातल्या लोकांच्या राजकीय मुक्तीआधी धर्मसुधारणा झाली. पाठोपाठ त्यांनी भारतातले दाखले जोडले: चंद्रगुप्ताच्या आधी बुद्ध, शिखांच्या राजकीय उदयाआधी गुरू नानक, शिवाजी महाराजांच्या आधी महाराष्ट्रातले संत. रानड्यांनी सुरू केलेली तुलना इथे एका नव्या मागणीचा आधार बनली.

प्लेटोलाही त्यांनी सोडले नाही. चातुर्वर्ण्य गुणांवर आधारलेले आहे असे सांगणारे प्लेटोच्या आदर्श राज्याचा हवाला देत. बाबासाहेबांचे उत्तर असे, की माणसांना तीन-चार ठरीव वर्गांत बसवण्यातच प्लेटोची चूक आहे. प्रत्येक व्यक्ती वेगळी असते आणि तिच्यात अनेक प्रवृत्ती असतात, हे त्याला दिसले नाही. ज्या तर्काने प्लेटो अपुरा ठरतो, त्याच तर्काने चातुर्वर्ण्यही अपुरे ठरते.

या पुस्तकातली लोकशाहीची कल्पना मात्र ड्यूईकडून आलेली. लोकशाही हा केवळ सरकारचा प्रकार नाही, ती माणसांनी एकमेकांत मिसळून, अनुभव वाटून घेत जगण्याची रीत आहे. या ऋणाची त्यांनी पुस्तकातच कबुली दिली. मात्र बंधुता हे तिचेच दुसरे नाव, असे म्हणून त्यांनी ती कल्पना जातीच्या भिंतींसमोर उभी केली. जून १९५२ मध्ये सन्माननीय पदवी स्वीकारायला ते कोलंबियात गेले, त्याच सुमारास ड्यूई वारले. गुरू-शिष्यांची भेट राहून गेली.

१८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात रानड्यांच्या जयंतीनिमित्त त्यांनी केलेले भाषणही याच रांगेतले. इतिहास माणसे घडवतात की परिस्थिती, हा प्रश्न घेऊन त्यांनी ऑगस्टीन, बकल, मार्क्स आणि कार्लाइल यांची मते तपासली आणि मग थोर पुरुष कोणाला म्हणावे याची कसोटी ठरवली. युरोपातल्या इतिहासविषयक विचारांचा असा आढावा जाहीर सभेत घेणारा राजकीय नेता भारतात त्या काळी दुसरा शोधावा लागेल.

खेड्याचा प्रश्न

पुन्हा ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणाकडे वळू, कारण त्यात उमापूरसारख्या गावाचा थेट संबंध येतो. घटना खेड्यांच्या पायावर उभारायला हवी होती, असे काही सदस्यांचे मत होते. चार्ल्स मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्याने भारतीय खेड्यांना छोटी प्रजासत्ताके म्हटले होते, आणि त्याचे ते वर्णन अनेकांना भावले होते. बाबासाहेबांनी मेटकाफचे नाव घेऊनच ते नाकारले. राजवटी आल्या-गेल्या आणि खेडी टिकली, हे खरे. पण नुसते टिकणे म्हणजे मोठेपण नव्हे. संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांनी भरलेल्या खेड्याला राज्याचा घटक करण्याऐवजी मसुद्याने व्यक्तीला घटक केले, याचा त्यांना आनंद होता.

हे शब्द खेड्यातल्या वाचकाला लागतात. ते लागावेतच. गावात पाणवठा वेगळा, मसणवट वेगळी, वस्ती वेगळी, हे ज्याने भोगले त्याला प्रजासत्ताकाचे गोडवे पटणे शक्य नव्हते. पुढे राज्यघटनेत ग्रामपंचायतींबद्दलचे मार्गदर्शक तत्त्व आले, १९९३ पासून ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनात्मक स्थान मिळाले. मात्र त्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी आणि स्त्रियांसाठी राखीव जागा होत्या. खेडे घटनेत आले ते व्यक्तीचा हक्क सोबत घेऊन. आज मराठवाड्यातल्या कुठल्याही ग्रामसभेत एखादी दलित बाई सरपंचाला हिशोब विचारते, तेव्हा ग्रोटने सांगितलेली आणि बाबासाहेबांनी मागितलेली संवैधानिक नीती प्रत्यक्षात येत असते.

शेवटचा हिशोब

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांनी संविधान सभेत समारोपाचे भाषण केले. त्याच महिन्यात निजामाने फर्मान काढून ही घटना हैदराबादलाही मान्य असल्याचे जाहीर केले होते. या भाषणात त्यांनी जॉन स्टुअर्ट मिलचा इशारा सांगितला: पुरुष कितीही थोर असो, आपली स्वातंत्र्ये त्याच्या पायाशी ठेवू नका. आयर्लंडचा देशभक्त डॅनियल ओकॉनेल यानेही कृतज्ञतेची मर्यादा आखली होती, हे त्यांनी सांगितले. मिलचा इशारा भारताला इतर देशांपेक्षा जास्त लागू आहे, असे त्यांचे मत होते, कारण इथे राजकारणात भक्ती शिरते. धर्मात भक्ती मुक्तीकडे नेत असेल, राजकारणात ती हुकूमशाहीकडे नेते.

याच भाषणात त्यांनी स्वातंत्र्य, समता आणि बंधुता या तिघांना वेगळे काढता येत नाही, असे मांडले. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवर बोलताना मात्र त्यांनी निक्षून सांगितले, की ही त्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतलेली नाही, ती बुद्धाकडून घेतली. महाडला व्हर्सायचा दाखला देणारा माणूस सत्तावीस वर्षांनी असे का म्हणाला? बुद्ध आणि मार्क्स यांच्यावरच्या त्यांच्या लेखनात याचे कारण मिळते. फ्रेंच राज्यक्रांतीचे त्यांनी स्वागत केले, पण तिला समता आणता आली नाही. रशियन क्रांतीने समता हे ध्येय ठेवले, पण त्यासाठी स्वातंत्र्य आणि बंधुता यांचा बळी देता येत नाही. युरोपच्या दोन्ही मोठ्या प्रयोगांचा हिशोब मांडल्यावर त्यांना बुद्धाच्या मार्गात तिन्ही मूल्ये एकत्र दिसली. युरोप वाचलाच नसता, तर हा निर्णय इतक्या खात्रीने त्यांना घेता आला नसता.

त्यांनी ही दारे इतरांसाठीही उघडली. निजामाच्या काळात बीड भागातल्या मुलाला पदवीसाठी बहुधा हैदराबाद गाठावे लागे आणि तिथल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. १९५० साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला कॉलेज सुरू केले. त्याला मिलिंद हे नाव मिळाले, तर परिसराला नागसेनवन. मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पंजाबवर राज्य करणारा ग्रीक राजा मिनँडर. भिक्खू नागसेनाला प्रश्नांवर प्रश्न विचारणारा हा राजा ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातून आजही भेटतो. मराठवाड्यातल्या गरीब घरांतली कितीतरी मुले या कॉलेजात शिकली आणि त्यांच्यातून दलित साहित्याच्या चळवळीला लेखक व वाचक मिळाले. १९५८ साली स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाला १४ जानेवारी १९९४ रोजी, दीर्घ आणि रक्तरंजित संघर्षानंतर, त्यांचे नाव जोडले गेले.

महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे खंडरूपाने प्रसिद्ध केली आहेत. वसंत मून यांनी संपादित केलेल्या पहिल्याच खंडात जातींवरचा १९१६ चा निबंध, रसेलवरचे परीक्षण, जातिसंस्थेच्या उच्छेदावरचे भाषण आणि रानड्यांवरचे पुण्यातले भाषण एकत्र आहेत. जयंतीच्या मिरवणुकीवर जेवढा खर्च होतो, त्यातल्या थोड्या पैशांत प्रत्येक गावच्या शाळेत, वाचनालयात आणि समाजमंदिरात हा एक खंड ठेवता येईल. तो ठेवावा, चार जणांनी मिळून वाचावा आणि त्यातल्या प्रत्येक परदेशी नावापाशी थांबून विचारावे, की या विचाराचे आपल्या गावात काय होते. उमापूरच्या वाचकांनी ही सुरुवात येत्या १४ एप्रिलपासून करावी.